अक्षरार्थाचे वाचक : मेटल संगीत आणि गुन्ह्याचा आरोप

कलाकृतीवर गुन्ह्याचा आरोप येतो तेव्हा न्यायालयात, बहुधा नकळत, एक समीक्षासिद्धान्तही मांडला जात असतो. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या वेस्ट मेम्फिस येथे मे १९९३ मध्ये तीन लहान मुलांची हत्या झाली. १९९४ मध्ये त्यासाठी तीन तरुण दोषी ठरले. त्यांपैकी डेमियन एकल्स याला मृत्युदंड सुनावण्यात आला. त्याच्याविरुद्ध मांडलेल्या पुराव्यात काळे टी-शर्ट, हेवी मेटलची आवड, स्टीफन किंगच्या कादंबऱ्या आणि या साऱ्यांतून सैतानपूजेचा अर्थ काढणारा एक तज्ज्ञ साक्षीदार यांना मोठे स्थान होते. (ज्या मेटॅलिकाचे नाव पुढे आले तो गट या संगीताच्या अतिरेकी टोकावरचा नव्हेच, पण अभिरुचीलाच पुरावा मानणाऱ्या वाचनाला असा तपशील बिनमहत्त्वाचा.)

गीतातील ‘मी’ म्हणजे गायक, गायक म्हणजे श्रोता आणि श्रोत्याची अभिरुची म्हणजे त्याचा हेतू, अशी ही वाचनाची रीत आहे. भट्टनायकाचे साधारणीकरण ज्याला ठाऊक आहे त्याला ती मान्य होणार नाही. विभावादी व्यक्तिसंबंधांतून सुटतात म्हणूनच जुगुप्सा बीभत्स रसाच्या रूपाने आस्वाद्य होते. डेथ मेटलमध्ये तर शब्द गुरगुरणाऱ्या कंठध्वनीत विरून जातात, छापील गीते हाती नसतील तर बहुधा कळतही नाहीत. देहाच्या विघटनाचे वर्णन तेथे आदेश म्हणून नव्हे, आधी नाद म्हणून पोहोचते. एकल्स आणि त्याचे सहआरोपी २०११ मध्ये सुटले. तेही निर्दोष ठरून नव्हे, तर निरपराधित्वाचा दावा कायम ठेवून दोष मान्य करण्याच्या कायदेशीर तडजोडीने.

मेटलचे कैवारी बहुधा येथेच थांबतात. मला ते पुरेसे वाटत नाही, कारण नॉर्वेचे उदाहरण शिल्लक राहते. तेथील ब्लॅक मेटलच्या लहानशा वर्तुळातील काहींनी १९९२ पासून चर्चे जाळली. ऑगस्ट १९९३ मध्ये ‘बुर्झुम’ या नावाने संगीत करणाऱ्या व्हार्ग विकेर्नेसने ‘मेहेम’चा गिटारवादक युरोनिमस याचा खून केला. खून आणि जाळपोळ यांसाठी त्याला १९९४ मध्ये २१ वर्षांची शिक्षा झाली. खुनाचा धागा गीतांच्या आशयापर्यंत नेणे कठीण आहे. आपसांतले वैर त्याच्या कितीतरी जवळ होते. जाळपोळीविषयी मात्र असे म्हणता येत नाही. ती त्या संगीताच्या विधानाचाच विस्तार होती. इंग्लंडच्या ‘व्हेनम’ने १९८२ मध्ये ‘ब्लॅक मेटल’ हे नाव दिले तेव्हा त्यातील सैतान बराचसा नाटकी होता. नॉर्वेतील तरुणांना ते नाटकीपण नामुष्कीचे वाटले. त्यांनी सोंग अक्षरार्थाने वाचले, अगदी आर्कान्साच्या फिर्यादी पक्षासारखेच. साधारणीकरण तेथे श्रोत्याकडून निसटले नाही. कलावंतांनीच ते नाकारले. म्हणून या संगीतप्रकारावर ठेवला जाणारा सरसकट ठपका अन्याय्य असला, तरी त्या वर्तुळाच्या सौंदर्यदृष्टीला ‘ही केवळ कला आहे’ या सबबीमागे लपता येत नाही.

बुर्झुमच्या १९९३ च्या ‘आस्के’ (‘राख’) या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर बर्गेनमधील फान्टॉफ्ट येथल्या, ६ जून १९९२ रोजी जळालेल्या लाकडी चर्चचे अवशेष आहेत. सुरुवातीच्या प्रतींबरोबर लायटर दिला जात असे. इतर चर्चांच्या जाळपोळीत विकेर्नेस दोषी ठरला. फान्टॉफ्टच्या आरोपात मात्र ज्यूरीने त्याला दोषी मानले नाही.