अहवालातला अमीबा कोणता?

परळी वैजनाथसारख्या गावात पोटाच्या तक्रारीसाठी शौचाचा नमुना तपासला, की अहवालात एक ओळ येऊ शकते : 'एन्टअमीबा हिस्टोलिटिकाच्या सिस्ट आढळल्या.' माझा आक्षेप या ओळीवर आहे. तपासणाऱ्याला सिस्ट दिसल्या, हे खरे. पण तेवढ्यावरून हे नाव लिहिता येत नाही.

दहा ते पंधरा मायक्रॉन व्यासाची, चार केंद्रकांची अशीच सिस्ट एन्टअमीबा डिस्पारचीही असते. हिस्टोलिटिका मोठ्या आतड्यात व्रण पाडतो, यकृतात गळू करतो. डिस्पार सहसा निरुपद्रवी असतो. ब्रुम्प्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२५ मध्येच डिस्पार ही वेगळी जात सांगितली होती. ती मान्य व्हायला १९९३ साल उजाडले!

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९७ मध्ये सुचवले, की केवळ सूक्ष्मदर्शकाने तपासले असेल तर अहवालात दोन्ही नावे लिहावीत. लाल रक्तपेशी गिळलेला अमीबा दिसला, तर हिस्टोलिटिकाचा संशय बळावतो. एरवी एकच नाव लिहिले, तर डिस्पार बाळगणाऱ्याला विनाकारण मेट्रोनिडॅझोल घ्यावे लागते आणि त्याच्या दुखण्याचे खरे कारण शोधायचे राहून जाते.

या जाती वेगळ्या ओळखायला प्रतिपिंडे उपयोगी पडतात. हिस्टोलिटिकाच्या पृष्ठभागावर, आतड्याच्या पेशींना चिकटण्यासाठी, लेक्टिन नावाचे प्रथिन असते. तसेच प्रथिन डिस्पारजवळही असते. म्हणून त्याविरुद्धचे कोणतेही प्रतिपिंड चालत नाही. फक्त हिस्टोलिटिकाच्या लेक्टिनवरचा खास भाग ओळखणारे मोनोक्लोनल प्रतिपिंड निवडावे लागते. ते प्लास्टिकच्या खळग्यात बसवून वर नमुना घालतात. लेक्टिन असल्यास ते अडकून राहते आणि पुढच्या रसायनांनी रंग येतो. नमुना मात्र ताजा किंवा गोठवलेला हवा. फॉर्मालिनमध्ये ठेवलेला चालत नाही. चाचणीचा संच महाग पडतो, ही अडचण खरी आहे. पण अहवालात दुसरे नाव लिहायला संच लागत नाही.

'अँटीबॉडी टेस्ट' या सैल शब्दाने आणखी एक घोटाळा होतो. वरच्या चाचणीत प्रतिपिंड हे आपले हत्यार असते. रुग्णाच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे शोधणे, ही निराळी चाचणी. ती प्रतिपिंडे रोग बरा झाल्यावरही काही वर्षे टिकू शकतात; त्यामुळे जिथे हा आमांश नेहमीचा, तिथे संसर्ग आजचा की जुना, हे त्यांवरून ठरत नाही. यकृतात गळू झाले असताना मात्र शौचात अमीबा बहुधा सापडत नाही. तेव्हा रक्ताचीच चाचणी उपयोगी पडते.