दमवणारा कोण?

तिसरी पाळी सुटली की आम्ही म्हणतो, 'दमलो बुवा!' दमणे हे अकर्मक क्रियापद. दमवणारा त्यात दिसतच नाही. म्हटलं, इंग्रजी तरी खरं बोलत असेल. रद्दीतून आणलेली डिक्शनरी उघडली. 'एग्झॉस्ट' मूळचा लॅटिन, अर्थ उपसून काढणे. विहीर कोरडी झाली, पण उपसणारा शब्दाबाहेरच. मग 'नॅकर्ड' सापडला. इंग्लंडात पार मोडून गेलेला माणूस असं म्हणतो. नॅकर म्हणजे निकामी घोडे विकत घेऊन मारणारा, त्यांचं कातडं-हाडं विकणारा. आता बघा, घोडा राबवला मालकानं, आणि शब्दाला नाव चिकटलं कातडं सोलणाऱ्याचं!

हे आपल्याला नवं नाही. गावची मेलेली ढोरं आपल्या आज्या-पणज्यानं ओढली. ढोर मरेस्तोवर राबवणारा सोवळा, ओढणारा मात्र विटाळ. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, ते उगाच नाही.

म्हणून कवीमित्रांनो, आपल्या कवितेत 'थकलेले हात' आता पुष्कळ झाले. मराठीत 'थकवणे' हे सकर्मक क्रियापद आहे. ते वापरा. आणि कर्ता लिहायला विसरू नका.