वाचलेल्यांचे आकडे

अपघातात गंभीर जखमी झालेला माणूस पहिला दिवस निभावतो, पण पुढच्या काही दिवसांत त्याची फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे एकामागून एक निकामी होऊ लागतात. पेशींना ऑक्सिजन कमी पडला, म्हणून तो भरपूर पोचवावा, हा त्यावरचा उपाय विसाव्या शतकाच्या अखेरीस बराच मान्यता पावला होता. त्यामागचा तर्क तपासून पाहण्याजोगा आहे.

आधी हिशेब करू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मि.लि. ऑक्सिजन वाहून नेते. १०० मि.लि. रक्तात १५ ग्रॅम हिमोग्लोबिन धरले, तर ऑक्सिजन झाला सुमारे २० मि.लि. हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त ढकलते, म्हणजे पुरवठा १००० मि.लि.च्या घरात. विश्रांतीत शरीर त्यातला जेमतेम पाव भाग वापरते.

अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम शूमेकर यांना मोठ्या शस्त्रक्रियेतून वाचणाऱ्या रुग्णांत पुरवठा व वापर दोन्ही नेहमीपेक्षा जास्त आढळले. मग हेच आकडे उपचाराचे उद्दिष्ट झाले: शरीरपृष्ठाच्या दर चौरस मीटरला मिनिटाला ६०० मि.लि. पुरवठा. तो सलाइन, रक्त आणि हृदयाला जोराने पळवणारी औषधे देऊन गाठायचा. १९८८ च्या त्यांच्या प्रयोगात या गटात ४ टक्के रुग्ण दगावले, नेहमीच्या उद्दिष्टांच्या गटात ३३ टक्के. प्रयोग खोटा नव्हता. पण त्यातले उपचार शस्त्रक्रियेच्या आधी, पेशी अजून सुस्थितीत असताना सुरू झाले होते. जखमी माणसाला अशी पूर्वतयारी कुठली?

हुशार मुलांच्या वह्या नीटनेटक्या दिसतात, म्हणून सगळ्यांच्या वह्यांना कव्हरे घातली तर निकाल सुधारेल का? ज्याचे हृदय व पेशी दणकट, त्याचे आकडे वर जातात आणि तो वाचतोही. आकडा ही ताकदीची खूण असू शकते. ती औषधाने उमटवली म्हणून ताकद येत नाही.

१९९२ साली डेन्व्हरच्या शल्यचिकित्सकांना दिसले, की पुरवठा भरपूर वाढवूनही काही जखमींचा वापर वाढत नाही, आणि पुढे अवयव निकामी होतात ते मुख्यतः त्यांचेच. दारात धान्य पडले आहे, पण चूल पेटत नाही! माझ्या मते इथेच थांबून विचार व्हायला हवा होता. शिवाय पुरवठा व वापर हे दोन्ही आकडे बहुधा हृदयाच्या एकाच मापनावरून काढत. त्या मापनात चूक झाली की दोन्ही एकदमच वरखाली होणार. अशा आलेखावरची सरळ रेषा पाहून हुरळून जाऊ नये, हे आपण प्रयोगवहीत विद्यार्थ्यांना बजावतोच.

१९९४ साली इंग्लंडमध्ये अत्यवस्थ रुग्णांना (हे सगळेच जखमी नव्हते) डोब्युटामीन देऊन पुरवठा वाढवला गेला. त्या गटात ५४ टक्के दगावले, तुलनेच्या गटात ३४ टक्के. ह्यूस्टनमध्ये जखमींसाठीचे ६०० चे उद्दिष्ट ५०० वर आणले गेले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तुलनेत अनेक अवयव निकामी होण्याचे प्रमाण ६०० च्या गटात २२ टक्के आणि ५०० च्या गटात ९ टक्के होते. हे दोन गट एकापाठोपाठचे होते, चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, एवढी सावधगिरी इथेही बाळगायला हवी. कारण मात्र समजण्यासारखे आहे: जादा सलाइन आतड्यांच्या ऊतीत झिरपते, पोटातला दाब वाढतो, आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठाच आवळला जातो.

आता आधी रक्तस्राव थांबवतात, सलाइन हात राखून देतात, आणि रक्तातील लॅक्टेट किती लवकर उतरते ते पाहतात. वाचणाऱ्यांत ते लवकर उतरते. तेव्हा लॅक्टेटचा आकडा हेच उद्दिष्ट मानू पाहणाऱ्यांनाही वहीच्या कव्हराचा प्रश्न विचारावा लागेल.