नाव, पडछाया आणि पडदा : ‘अर्थसी’च्या पुस्तकांचे चित्रपटांत काय झाले

उर्सुला ल ग्विन यांच्या ‘अर्थसी’ मालिकेतले पहिले पुस्तक एका उच्चारापाशी येऊन थांबते. जगाच्या टोकाला, उघड्या समुद्रात गेड हा तरुण जादूगार आपणच एकदा मोकळ्या सोडलेल्या पडछायेला गाठतो. पुस्तकभर तिने त्याचा पाठलाग केलेला, मग त्याने तिचा. आता झुंज होणार असे वाटत असताना दोघेही एकाच क्षणी एकच शब्द बोलतात. तो शब्द म्हणजे ‘गेड’. तलवार नाही, विजेचा लोळ नाही, शत्रूचा वध नाही. नावेत बसलेल्या मित्राला कोण जिंकले आणि कोण हरले तेही क्षणभर कळत नाही. आणि लेखिका सांगते की जिंकणे-हरणे झालेच नाही, माणूस अखंड झाला.

हे पुस्तक 1968 सालचे. माझ्या हाती ते आठवीत असताना आले, गावच्या वाचनालयातल्या इंग्रजी कपाटातून. त्या कपाटाची किल्ली मागणारे फारसे कुणी नसे. माझे शिक्षण मराठी शाळेतले, त्यामुळे शेजारी वीरकरांचा शब्दकोश उघडा ठेवून, दिवसाला दोन-तीन पाने असे ते वाचले. सावकाश वाचण्याचा एक फायदा झाला : या पुस्तकात शब्दाला किती किंमत आहे ते बोटांनाच कळले. पुढे ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ (1971) आणि ‘द फार्दस्ट शोअर’ (1972) मिळवून वाचली. ‘तेहानू’ (1990) आले तेव्हा माझे लग्न झालेले होते, आणि ते योग्य वेळी आले असे आजही वाटते. 2001 साली ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ आणि ‘दि अदर विंड’ आली आणि मालिका सहा पुस्तकांची झाली. तिची दोन दृश्यरूपेही आता जुनी झाली आहेत : 2004 ची अमेरिकी दूरचित्रवाणी मालिका आणि 2006 चा जपानी अ‍ॅनिमेशनपट. दोन्ही मी अलीकडे पुस्तके शेजारी घेऊन पुन्हा पाहिली.

अर्थसी हे बेटांचे जग. ल ग्विन यांनी आधी नकाशा काढला आणि मग त्यात कथा शोधली. पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेने त्यांना किशोरांसाठी पुस्तक मागितले होते. कथांमधले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचेच का, हे जन्मतः तर म्हातारे नसतील, मग पोरवयात ते कुठे आणि काय शिकले, या साध्या प्रश्नातून रोक बेटावरची जादूची शाळा निघाली. हॅरी पॉटरच्या 29 वर्षे आधी. (ही आठवण करून द्यावी लागते, कारण आज कुणालाही अर्थसीबद्दल सांगू लागले की ‘म्हणजे पॉटरसारखे’ असे उत्तर येते.)

या जगातली जादू म्हणजे नावांचे ज्ञान. प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरे नाव असते. ते ज्याला ठाऊक, त्याची त्यावर सत्ता. म्हणून माणसे खरे नाव लपवतात आणि वापरायला दुसरेच ठेवतात. गेडला गावात लहानपणी डनी म्हणत. त्याची मावशी गावची चेटकीण. तिच्या तोंडचा एक मंत्र ऐकून पोराने तो शेळ्यांवर म्हणून पाहिला आणि सगळ्या शेळ्या त्याला येऊन चिकटल्या, तिथून त्याची विद्या सुरू होते. तेराव्या वर्षी ओगियन हा गुरू त्याला नदीच्या थंड पाण्यातून चालत यायला लावतो आणि कानात त्याचे खरे नाव सांगतो. बाकी जग त्याला स्पॅरोहॉक म्हणून ओळखते. पुढे व्हेच नावाचा मित्र निरोप घेताना आपले खरे नाव त्याला सांगून टाकतो, एस्टारिओल. हा त्या पुस्तकातला सर्वांत मोठा दानाचा प्रसंग. एका शब्दात माणूस आपला जीव दुसऱ्याच्या हाती देतो.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. मुंजीत मंत्र कानातच दिला जातो. पत्रिकेतले नावरस नाव कित्येक घरांत चारचौघांत उच्चारत नसत. आणि नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, घ्यायचेच झाले तर उखाण्यात गुंडाळून, हेही आपल्याच आज्यांनी पाळले. नावात सत्ता असते हे ल ग्विन यांना मानवशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांच्या घरात वाढताना उमगले असेल. आपल्याकडे ते स्वयंपाकघरात उमगत होते.

एक अडचण मात्र होती, आणि ती भाषेची होती. ‘शॅडो’ला कोश ‘सावली’ म्हणतो. पण मराठीत सावली ही सुखाची वस्तू. आईची सावली, झाडाची सावली, डोक्यावरची सावली गेली म्हणजे आधार गेला. गेडच्या मागे लागते ती सावली नव्हे, पडछाया. तरीही ‘सावली’ शब्द मला पूर्णपणे टाकवत नाही. ज्या समाजाने माणसाच्या सावलीचाही विटाळ मानला, त्याला सावलीतल्या भीतीबद्दल इंग्रजी वाचकापेक्षा काही अधिक ठाऊक असणार. आपल्यातला नको असलेला भाग बाहेर ढकलायचा आणि मग त्यालाच भ्यायचे, हे गेडने एकट्याने केले. आपण सार्वजनिकरीत्या केले.

आता पडद्याकडे. डिसेंबर 2004 मध्ये साय-फाय चॅनेलने ‘अर्थसी’ दोन भागांत दाखवली. दिग्दर्शक रॉबर्ट लीबरमन, गेडच्या भूमिकेत शॉन अ‍ॅशमोर. पहिली दोन पुस्तके एकत्र कालवलेली, त्यात जगज्जेता होऊ पाहणारा एक कार्गिश राजा आणि एक प्रेमप्रकरण. हे सगळे एक वेळ चालले असते. चित्रपट करताना कथा वाकवावी लागते हे कोण नाकारील? पण या मंडळींनी नावेच उलटी केली. मालिकेत गावभर ‘गेड’ म्हणून हाका मारतात आणि ‘स्पॅरोहॉक’ हे त्याचे गुपित नाव! कारण उघड दिसते : नायकाचे सुटसुटीत नाव सारखे कानावर पडायला हवे. पण ज्या कथेचा शेवटच ‘गेड’ या उच्चारात आहे, तिथे तो उच्चार पहिल्या प्रसंगापासून स्वस्त करून ठेवल्यावर शेवटी उरते काय? उरतो तो पाण्याच्या आणि प्रकाशाच्या करामतींचा गलका.

दुसरी गोष्ट रंगाची. पुस्तकात गेड तांबूस-तपकिरी, व्हेच काळाकभिन्न आणि गोरे आहेत ते गेडच्या गावावर धाड घालणारे कार्गिश लोक. लेखिकेने हे मुद्दाम केले, पण गाजावाजा न करता. वाचक गेडच्या मनात शिरल्यावर मगच त्याच्या कातडीचा रंग ओझरता सांगितला. 1968 च्या अमेरिकेत ही किती शांत आणि किती धीट खेळी होती! मालिकेत ओगियनच्या भूमिकेत डॅनी ग्लोव्हर आहेत, पण गेड गोरा. गंमत अशी की पुस्तकात जी खरोखर गोरी आहे त्या तेनारच्या भूमिकेत क्रिस्टिन क्रूक आहे, जिची आई चिनी वंशाची. ल ग्विन यांनी त्याच महिन्यात ‘स्लेट’मध्ये लेख लिहून आपले जग चुना फासल्यासारखे पांढरे केल्याचे सांगितले. त्यांना सल्लागार म्हटले गेले होते, सल्ला कुणी घेतला नव्हता.

आठवीत असताना मी या रंगाच्या ओळीपाशी बराच वेळ थांबले होते. ‘सावळा’ हा शब्द आपण पंढरपूरच्या विठोबासाठी लाडाने वापरतो आणि स्थळ पाहताना आवाज खाली आणून. परीकथांची जी पुस्तके मला तोवर मिळाली होती त्यांतले राजपुत्र एकजात गुलाबी. हा पहिला सावळा नायक, आणि तो अमेरिकेहून यावा हे विचित्रच. त्यामुळे 2004 ची मालिका माझ्यालेखी फक्त वाईट नाही, तिने एका मुलीच्या हातातली वस्तू काढून घेतली.

जपानी चित्रपटाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि अधिक आदराने बोलण्याजोगे. हायाओ मियाझाकी यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ही पुस्तके मागितली होती. अ‍ॅनिमेशन म्हणजे डिस्ने एवढेच तेव्हा ठाऊक असल्याने लेखिकेने नाही म्हटले. पुढे ‘माय नेबर टोटोरो’ पाहून त्यांचे मत फिरले, होकार गेला. पण तोवर हायाओ अन्य कामांत अडकलेले, आणि चित्रपट केला त्यांचे चिरंजीव गोरो यांनी. हा त्यांचा पहिलाच चित्रपट. ऑगस्ट 2006 मध्ये तो पाहिल्यावर ल ग्विन यांनी गोरोंना सांगितले की हे माझे पुस्तक नाही, हा तुमचा चित्रपट आहे, आणि चांगला आहे. नंतर सविस्तर लिहिले तेव्हा मात्र नाराजी लपवली नाही. रंगाचा प्रश्न जपानमध्ये निराळा असतो हे त्यांनी मान्य केले. त्यांचे दुखणे दुसरे होते.

जपानीत या पुस्तकांचे नावच ‘गेदो सेन्की’, म्हणजे गेडच्या युद्धाची बखर. ज्या पुस्तकांत नायकाचे युद्ध स्वतःशीच आहे त्यांना हे नाव! चित्रपटाने ते मनावर घेतले असावे. तिसऱ्या पुस्तकातला राजपुत्र आरेन इथे पहिल्याच काही मिनिटांत बापाला भोसकतो. का, ते नीट कळत नाही. पहिल्या पुस्तकातली गेडची पडछाया आरेनला चिकटवली आहे. शेवटी सगळे पाप कॉब या एका जादूगारात गोळा होते, आणि तेरू ही मुलगी ड्रॅगन होऊन त्याला जाळते. मूळ ‘द फार्दस्ट शोअर’मध्ये कॉबने मृत्यू टाळण्याच्या हव्यासाने जीवन-मरणातली भिंत भोकसली आहे; ते छिद्र बुजवताना गेड आपली सारी विद्या खर्चून बसतो. मरणाला नको म्हटले की जगण्यातला रंगही जातो, एवढे अवघड म्हणणे लेखिकेने किशोरांसमोर ठेवले होते. चित्रपटात ते संवादांत बोलून दाखवले जाते आणि कृतीत खलनायक मरतो. तरी एका बाबतीत गोरोंनी पुस्तक जाणले आहे. तेरू आरेनला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारते आणि आपले नाव त्याला देते, तो प्रसंग साधा आणि हळू आवाजातला आहे. गवतात उभी राहून ती गाते, तेही तसेच.

पण तेरूचा चेहरा! ‘तेहानू’मधली तेरू ही जाळून टाकलेली लहान मुलगी आहे. अर्धा चेहरा जळालेला, एक डोळा गेलेला, एक हात नखीसारखा आखडलेला. लोक तिच्याकडे पाहत नाहीत, पाहिले तर दुष्ट नशिबाची खूण म्हणून पाहतात. चित्रपटात तिच्या गालावर एक तांबूस डाग आहे. जन्मखूण म्हणून खपेल. दोन्ही डोळे टपोरे. ही सौम्यता मुलांसाठी केली असे म्हणावे, तर सुरुवातीचा पितृवध कुणासाठी?

‘तेहानू’बद्दल थोडे अधिक बोलायला हवे, कारण दोन्ही दृश्यरूपांत त्याचाच बळी गेला. दुसऱ्या पुस्तकात तेनारला लहानपणी घरातून उचलून थडग्यांची पुजारीण केले जाते आणि तिचे नाव काढून घेऊन तिला ‘आर्हा’, म्हणजे ‘गिळलेली’, म्हणू लागतात. गेड तिला तिचे नाव परत देतो. एकोणीस वर्षांनी लेखिका तिच्याकडे परत आली तेव्हा ती शेतकऱ्याची विधवा आहे आणि गावात तिचे नाव गोहा. माझ्या आईचे नाव लग्नात ताम्हणातल्या तांदळात अंगठीने नवे लिहिले गेले. माहेरी गेली की दोन दिवस ती जुन्या नावाची होई. तिच्या हसण्याचा आवाजही तिथे निराळा असे. ‘तेहानू’ वाचताना मला कुठल्या बेटाची कल्पना करावी लागली नाही. पहिल्या तीन पुस्तकांत रोकच्या शाळेत एकही मुलगी नाही आणि बायकांची जादू कमअस्सल मानलेली आहे. आपणच उभारलेल्या त्या जगाची झाडाझडती लेखिकेने साठीत घेतली. गेड आता विद्या गेलेला, शेळ्या राखणारा माणूस. काही जुन्या वाचकांना हे रुचले नाही, त्यांना नायक हवा होता. मला वाटते, मालिका खरी मोठी झाली ती इथेच.

चित्रपटात ती तेनार भाजी लावते, आजाऱ्यांना औषध देते आणि कॉब पकडून नेईपर्यंत वाट पाहते.

तिसरे दृश्यरूप होता होता राहिले. मायकेल पॉवेल या ब्रिटिश दिग्दर्शकाबरोबर ल ग्विन यांनी 1980 च्या दशकात पटकथेवर काम केले होते. पैसे उभे राहिले नाहीत आणि ते कागदावरच राहिले. त्याऐवजी 2015 मध्ये बीबीसी रेडिओने नाट्यरूपांतर केले. रेडिओला चेहरा दाखवावा लागत नाही, त्यामुळे तेरूचा चेहरा सौम्य करण्याची वेळ येत नाही. गेडचा रंगही अर्थात दिसत नाही. तो शब्दांत सांगावा लागतो, पुस्तकात सांगितला तसा, ओझरता. ल ग्विन त्यानंतर तीन वर्षांनी, 22 जानेवारी 2018 रोजी गेल्या.