न फिरणारी चक्रे

बर्फ माणसाला आंधळे करते, ही गोष्ट समुद्रकाठी वाढलेल्या मनुष्यास सहजी पटत नाही. ऊन वरून येते, आणि त्यापासून डोळे राखावयाचे तर कपाळावर हात आडवा धरला की पुरे, असा आपला अनुभव. परंतु ताजे बर्फ आपल्यावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी शेकडा ८० पर्यंत किरण उलट फेकते. कोरड्या वाळूच्या बाबतीत हेच प्रमाण शेकडा १५ च्या आसपास असते. म्हणजे हिमप्रदेशात ऊन खालूनही येते, आणि खालून येणाऱ्या उन्हाला भुवईची आडकाठी नसते. त्या वेळी मनुष्यास काही कळत नाही. सहा ते बारा तास लोटल्यावर, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग सुरू होते आणि दिवस-दोन दिवस पापणी उघडवत नाही. ही पीडा फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी ४०१-४०० च्या हिवाळ्यात आर्मेनियाच्या बर्फातून परतणारे ग्रीक सैनिक डोळ्यांसमोर काहीतरी काळे धरून चालत, असे त्यांच्याच एका सेनानीने, झेनोफनने, लिहून ठेवले आहे.

या पीडेवर हल्ली काही हौशी कारागीर आपल्या हातांनी एक उपाय घडवीत असतात. तो म्हणजे स्टीमपंक धाटणीचे बर्फातील गॉगल. ज्या प्रदेशांत हे मासिक वाचले जाते त्यांतील बहुतेकांत बर्फ पडत नाही. तेव्हा हा विषय येथे कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु प्रश्न बर्फाचा तेवढाच नाही. पितळ, चामडे आणि काच यांनी घडविलेल्या वस्तूत अलंकार कोणत्या नात्याने यावा, हा प्रश्न तांबट-कासारांच्या मुलखात परका मानण्याचे कारण नाही.

स्टीमपंक हे नाव के. डब्ल्यू. जीटर या अमेरिकन कादंबरीकाराने १९८७ साली एका नियतकालिकास लिहिलेल्या पत्रात, काहीसे थट्टेनेच, प्रथम वापरले. जूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स यांच्या काळाकडे पाहून नव्या लेखकांनी रचलेल्या कल्पित कथांना ते उद्देशून होते. जग वाफेच्याच बळावर पुढे गेले असते तर ते कसे दिसले असते, ही त्यामागील कल्पना. कादंबरीतून ती वेशभूषेत उतरली आणि वेशभूषेतून कारागिरीत. २००९-१० साली ऑक्सफर्डच्या विज्ञानेतिहासाच्या संग्रहालयात या कारागिरीचे प्रदर्शनच भरले. ज्या वास्तूत अस्सल ॲस्ट्रोलेब आणि जुनी सूक्ष्मदर्शके जतन केलेली आहेत, तेथे ही कल्पित यंत्रे जाऊन बसली. हा धीटपणा म्हणावा की परीक्षेस बसण्याची तयारी, हे ज्याने त्याने ठरवावे. मला ती दुसरी गोष्ट वाटते, आणि म्हणूनच परीक्षा घेण्यास संकोच वाटत नाही.

गॉगल हे तर या पंथाचे कुलचिन्ह होय. ते बनविण्याची रीत साधारण अशी. प्रथम पुठ्ठ्याचा नमुना चेहऱ्यावर धरून पाहावयाचा. मग झाडाच्या सालीने कमावलेले चामडे पाण्यात भिजवून साच्यावर ओढावयाचे. सुकले की ते घेतलेला आकार सोडत नाही. आरीने टोचे पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने दोन सुयांची शिवण घालावयाची, कडा घासून गुळगुळीत करावयाच्या. काच बसविण्यासाठी पितळी नळाचे तुकडे कापून, कानशीने घासून, त्यांची कडी करावयाची आणि ती रिबिटांनी चामड्यास जखडावयाची. पाठीमागे पट्टा व बक्कल. येथवर मला दोष दिसत नाही; उलट ओल्या चामड्याला नाकाच्या वळणावर बसविण्याचे काम ज्याला साधले त्याचा हात चांगला आहे, असेच मी म्हणेन. थंडीत उघडे पितळ कातडीला लागले तर ते चटका देते. तेव्हा कड्याच्या आतून चामड्याची वा लोकरीची घडी ठेवणे ही शोभा नव्हे, गरज होय. आणि जो कारागीर ती ठेवतो तो बर्फाचा विचार करीत आहे हे लगेच ओळखू येते.

पुढच्या दोन क्रियांपाशी मात्र माझे मन अडखळते.

पहिली क्रिया जुनेपण आणण्याची. नवे लखलखीत पितळ मीठ, सिरका वा अमोनिया यांच्या वाफेत ठेवून त्यावर हिरवा-काळा थर चढविला जातो. आपल्याकडे या थराला कळंक म्हणतात. ताक कळकू नये म्हणून पितळी भांड्यास कल्हई करावयाची, देवघरातील समया चिंच लावून घासावयाच्या, यात ज्यांच्या घरांतील पिढ्या गेल्या, त्यांना कोणी मुद्दाम कळंक चढवीत आहे हे पाहून प्रथम हसू येईल. पण हसून विषय संपत नाही. जुनेपण हे वस्तूच्या वापराचे चरित्र असते. कडीला जेथे अंगठा लागतो तेथेच ती उजळलेली असते, पट्टा जेथे वळतो तेथेच तो भेगाळतो. आणलेले जुनेपण सगळीकडे सारखे असते, आणि त्याचमुळे ते उघडे पडते.

आणि हे जुनेपण कोणाचे? ज्या बाष्पयुगाची ही आठवण आहे ते साम्राज्याचेही युग होते. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी निघाली आणि चारच वर्षांनी १८५७ उजाडले. आपल्या स्मृतीत या दोन गोष्टी एकमेकींना लागूनच आहेत. स्टीमपंक वेशातील शिरस्त्राणे, बिल्ले आणि सोनेरी गुंड्या पाहताना यातील एकच गोष्ट आठवणीत ठेवली गेली आहे असे वाटते. गंमत अशी, की या पंथाचा मूळपुरुष म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो व्हर्नचा कॅप्टन नेमो बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७ च्या उठावात लढलेला. व्हर्नने हे रहस्य १८७४-७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रहस्यमय बेट’ या कादंबरीत उघड केले. नॉटिलसची पितळी खिडकी साऱ्यांनी उचलली. तो माणूस समुद्राखाली का गेला, हे फारसे कोणी उचलले नाही.

दुसरी क्रिया चक्रे चिकटविण्याची. मोडक्या घड्याळातील दाते असलेली चक्रे काढून ती चामड्यावर आणि कड्यांवर डकविली जातात. ती काही फिरवीत नाहीत, कशाने फिरत नाहीत. यावर एक उत्तर मराठी वाचकास सुचेल, कारण ते मर्ढेकरांनी देऊन ठेवले आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये त्यांनी सौंदर्याचा विचार उपयुक्ततेपासून सोडवून संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर उभा केला. त्या दृष्टीने चक्र फिरते की नाही ही पृच्छाच गैरलागू ठरेल. मऊ चामड्याशी दात्यांचा विरोध साधला, डाव्या-उजव्या काचांचा तोल राहिला, म्हणजे झाले.

हे उत्तर मला पुरते पटत नाही, आणि तेही मर्ढेकरांच्याच भाषेत. दात्यांच्या चक्राचा आकार काही मोकळा आकार नव्हे. प्रत्येक दाता शेजारच्या खाचेची अपेक्षा करतो. दोन चक्रे एकमेकांवर अर्धवट सरकवून, दाते कोठेच न जुळविता चिकटविली, की डोळ्याला प्रथम जाणवतो तो विसंवाद, आणि तो कोणत्याही योजलेल्या विरोधाचा भाग नसतो. नुसता निष्काळजीपणा असतो. याउलट पुण्याच्या तांबट आळीतील मठारकाम पाहावे. तांब्याच्या बंबावर हातोडीचे जे चमकणारे ठसे ओळीने उमटतात ते पाहणाऱ्यास नक्षी वाटतात. परंतु त्याच ठोक्यांनी पत्रा घट्ट व कणखर होत असतो. तेथे शोभा आणि बळ ही एकाच ठोक्याची दोन फळे आहेत. कोणी म्हणेल की खेळण्यास इतका कडक न्याय लावू नये. परंतु खेळण्यालाही धर्म असतो. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या मेजावरून मद्य व सिगार फिरविणारी चांदीची छोटी आगगाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगावयास नको. ती निव्वळ राजेशाही चैन आहे, पण पाहुण्याने सुरई उचलली की ती थांबते. तिची चाके चाकांचे काम करतात.

आता काचेकडे. येथे चूक केवळ अभिरुचीची राहत नाही. हौशी कारागीर पुष्कळदा रंगीत प्लॅस्टिकची चकती कापून कड्यात बसवितो आणि काळे दिसते म्हणजे डोळा राखला गेला असे समजतो. अंधारामुळे बाहुली मोठी होते. चकती अतिनील किरण अडविणारी नसेल तर मोठ्या झालेल्या बाहुलीतून ते अधिकच आत जातात. अशा गॉगलपेक्षा उघडा डोळा बरा, निदान तो मिचकावतो तरी. विल्यम क्रुक्सने १९१३ मध्ये काच-कामगारांच्या डोळ्यांसाठी सीरियमयुक्त काच सिद्ध केली, ती नेमक्या याच भेदाच्या शोधातून: दिसणारा प्रकाश येऊ द्यावा आणि न दिसणारा अडवावा. व्हिक्टोरियाच्या काळातच वाढलेल्या या शास्त्रज्ञाची आठवण ठेवणे पंथाला शोभून दिसले असते. आज पॉलिकार्बोनेटची चकती हेच काम स्वस्तात करते. ती कड्यात बसविल्याने पितळेच्या भ्रमाला काही बाध येत नाही.

कड्याच्या खोलीविषयीही बोलले पाहिजे. नळकांड्यासारखे पुढे आलेले खोल कडे हा या शैलीचा लाडका आकार, आणि बर्फात तोच सर्वांत घातक. ४ जून १९२४ रोजी एव्हरेस्टवर ८,५७३ मीटरपर्यंत एकटा चढून गेलेल्या एडवर्ड नॉर्टनने आपले गॉगल काढले होते. उतरत्या फरश्यांवर पाऊल कोठे टाकावे हे पाहताना गॉगलची कड आड येत होती. त्याच रात्री त्याची दृष्टी गेली आणि दोन दिवसांहून अधिक काळ तो आंधळा होता. साध्या गॉगलची कड जर पायाखालची वाट झाकते, तर दोन बोटे खोल नळकांडे काय करील? त्यानंतर चारच दिवसांनी मॅलरी वर गेला तो परतला नाही. १ मे १९९९ रोजी त्याचे शव सापडले तेव्हा गॉगल खिशात होते. त्यावरून तो अंधार पडल्यावर उतरत असावा असे अनुमान काढले जाते. नॉर्टनची गत पाहून त्याने दुसरी जोडी जवळ ठेवली असावी, असेही कोणी म्हणतात. त्या खिशातील जोडीला कोणी कळंक चढविला नव्हता. टोपीवर मिरविण्यासाठी गॉगल बांधणाऱ्यांनी, आणि बहुसंख्य स्टीमपंक गॉगल डोळ्यांपेक्षा टोपीवरच राहतात, ती जोडी एकदा मनात आणावी.

या साऱ्या चर्चेत ज्यांचे नाव सर्वांआधी यावयास हवे होते ते उत्तर ध्रुवाकडील इन्युइट आणि युपिक लोक. लाकूड, हाड, कॅरिबू हरणाचे शिंग किंवा वॉलरसचा सुळा कोरून, ज्याच्या त्याच्या चेहऱ्याच्या मापाने, त्यांनी गॉगल केले. त्यांना काच नाही, फक्त एक आडवी बारीक चीर. चिरेतून येतो तेवढाच प्रकाश येतो, आणि बारीक फटीतून पाहिल्याने दूरचे अधिक रेखीवही दिसते. काचच नाही, तेव्हा तिच्यावर वाफ धरण्याचा प्रश्न नाही. आतून काजळी फासलेली असते, म्हणजे आत शिरलेला प्रकाश पुन्हा चमकू नये. यांतील काही जुन्या नमुन्यांवर सुंदर कोरीव रेघा आहेत, पण एकही रेघ चिरेच्या आड येत नाही. चीर आडवी आहे, कारण हिमप्रदेशात पाहावयाचे असते ते क्षितिज. ही वस्तू पाहिल्यावर अलंकार आणि उपयोग यांच्या वादातील माझा पक्ष ठरला, हे मी लपवीत नाही.

आणि तरी स्टीमपंकच्या कारागिरांना त्या चिरेची नक्कल करा असे मी सांगणार नाही. ती दुसऱ्यांची आहे. त्यांच्यापैकी थोड्यांनी स्वतःची वाट शोधली आहे. कॅमेऱ्यात असतो तसा पात्यांचा पडदा ते काचेपुढे बसवितात; बाहेरची दात्यांची कडी फिरविली की पाती सरकतात आणि छिद्र लहानमोठे होते. येथे चक्र फिरते, आणि फिरल्याने प्रकाश कमी होतो. अशा जोडीचे दाते पाहताना माझा वरचा सारा आक्षेप गळून पडतो. उणिवा आहेतच. गोल छिद्र क्षितिजाला आडव्या चिरेइतके न्याय देत नाही, बाजूने येणारे ऊन अडविण्यास चामड्याचे पंख लागतात, आणि श्वासाची वाफ पात्यांवर गोठली की पडदा अडकतो. तेल थंडीत घट्ट होते, म्हणून पात्यांना ग्रॅफाइटची कोरडी पूड लावावी. मागे अतिनील अडविणारी चकती ठेवावीच, कारण छिद्र कितीही बारीक केले तरी उघडेच असते. बाहेरची कडी जाड हातमोजा घातलेल्या बोटास सापडेल इतकी रुंद करावी, आणि चामड्यावर आणखी एकही चक्र लावू नये.