ऋणनिर्देशातलं ग्रंथालय

पीएचडीचा प्रबंध हातात आला की मी आधी ऋणनिर्देश वाचतो. त्यातला क्रम जवळपास ठरलेला असतो. मार्गदर्शक, विभागप्रमुख, संस्थेचे पदाधिकारी, आईवडील, मग ज्यांच्या वाट्याचा वेळ घेतला ती बायको आणि मुलं. सगळ्यात शेवटी ग्रंथालयातले कर्मचारी आणि सुबक अक्षरजुळणी करणारे टायपिस्ट. ज्या शेतकऱ्यांनी बांधावर बसून चाळीस-पन्नास प्रश्नांची उत्तरं दिली, ते 'सर्व उत्तरदाते' या दोन शब्दांत आटोपतात. कधीकधी तेवढेही नसतात.

हे औपचारिक पान आहे, त्यात एवढं काय वाचायचं, असं तुम्ही म्हणाल. पण आपल्या विद्यापीठांत ग्रंथालयाचं संशोधनाशी नातं काय आहे, ते या पानाइतकं खरं कुठंच सापडत नाही. ग्रंथालय शेवटी येतं, टायपिस्टच्या शेजारी. काम संपल्यावर.

हे सगळं मी 'शोधगंगा'वर वाचतो. ज्यांनी ती उघडली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली पीएचडीचे नियम केले, त्यात पदवी जाहीर झाल्यावर तीस दिवसांत प्रबंधाची सॉफ्ट कॉपी द्यायचं बंधन घातलं. या प्रती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या रिपॉझिटरीत जमा होतात. आतलं सॉफ्टवेअर 'डीस्पेस'. ते २००२ मध्ये एमआयटीच्या ग्रंथालयाने ह्युलेट-पॅकार्डबरोबर बनवलं आणि सगळ्यांना मोफत दिलं. आज शोधगंगेवर देशभरातले पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. लॉगिन नाही, पैसे नाहीत. कवठे महांकाळच्या एसटी स्टँडवर उभं राहून तुम्ही कोल्हापूरचा, गुवाहाटीचा किंवा मदुराईचा प्रबंध उघडू शकता. ही लहान गोष्ट नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हाच प्रबंध वाचायला ओळखपत्र, प्राचार्यांचं पत्र आणि कोल्हापूरला जायचं एसटीचं तिकीट लागायचं. त्यामुळे पुढची सगळी कुरकूर या कौतुकानंतरची आहे असं समजा.

मी पोटासाठी सर्चचं काम करतो. लोक काय टाइप करतात आणि त्यांना काय सापडतं, यातलं अंतर कमी करणं ही माझी नोकरी. त्यामुळे शोधगंगेत मी सगळ्यात आधी माझा तालुका शोधला. आमचं गाव रोमन लिपीत लिहायच्या किती तऱ्हा आहेत? 'कवठे'मध्ये 'व'नंतर ए लावणारे आहेत, न लावणारे आहेत. 'महांकाळ'मधला अनुस्वार कुणी एन करून लिहितं, कुणी गाळून टाकतं. कुणी दोन शब्द करतं, कुणी एक, कुणी मधे आडवी रेघ देतं. देवनागरीतही 'कवठे महांकाळ' आणि 'कवठेमहांकाळ' दोन्ही चालतात. माणसाला हे सगळं एकच गाव आहे हे कळतं. यंत्राला ते शिकवावं लागतं, आणि शिकवायचं तर आधी कुणीतरी सहा-सात स्पेलिंगांची यादी करून ठेवावी लागते. तेवढ्या कामाअभावी एका तालुक्यावरचं संशोधन पाच-सहा वेगवेगळ्या गावांचं असल्यासारखं विखुरलेलं राहतं.

मराठीत लिहिलेल्या प्रबंधांची गत याहून वाईट. युनिकोडच्या आधीची, आणि खरं तर नंतरचीही बरीच वर्षं, आपली मराठी डीटीपी श्री-लिपीसारख्या फॉन्टांवर चालली. त्या फॉन्टांत पडद्यावर 'पाणी' दिसतं, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागा भरलेल्या असतात. कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवलं की कंस, डॉलर आणि टिंबांचा काला बाहेर पडतो. जुने प्रबंध तर सरळ स्कॅन केलेले, म्हणजे पानांचे फोटोच. अशा फाइलीत 'पाणी' हा शब्द शंभर वेळा आला असला तरी सर्चच्या दृष्टीने एकदाही आलेला नसतो. इंग्रजीत लिहिणाऱ्याचं संशोधन शोधता येतं आणि मराठीत लिहिणाऱ्याचं फक्त साठवलं जातं. मराठी विभागातल्या संशोधकांनी यावर चिडायला हवं, असं मला वाटतं.

आणि फोनवर वाचायचं म्हटलं तर? प्रबंध तुकड्यांत येतो. मुखपृष्ठाची एक पीडीएफ, प्रमाणपत्राची दुसरी, मग अनुक्रमणिका आणि एकेक प्रकरण. 'ऐंशी रेकमेंडेशन' अशा अर्थाचं नाव असलेली एक फाइल बऱ्याच ठिकाणी दिसते, तिच्यात निष्कर्ष असतो. माझ्यासारखा वाचक पुढेपुढे थेट तीच उघडायला शिकतो, कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचावं तसा. ही रचना वाचकासाठी केलेली नाही. नियमाप्रमाणे सगळे भाग जमा झाले का, हे तपासणाऱ्यासाठी ती सोयीची आहे.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. शोधगंगेतल्या अडचणी तांत्रिक दिसतात, पण त्यांचं मूळ ज्या नात्यातून ही रिपॉझिटरी जन्मली त्यात आहे. ग्रंथालय आणि संशोधक यांची भेटच मुळी सक्तीतून झाली. आधी २००९ चा नियम आला. मग २०१८ मध्ये आयोगाने वाङ्मयचौर्याचे नियम आणले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, त्यापुढे दुरुस्ती किंवा शिक्षा, साठ टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द. २०१९ मध्ये 'शोधशुद्धी' नावाने तपासणीचं सॉफ्टवेअर विद्यापीठांना मिळालं आणि ते चालवायचं काम बहुतेक ठिकाणी ग्रंथालयाकडे आलं. आता संशोधक ग्रंथपालाकडे जातो तो टक्केवारीचा दाखला घ्यायला. पाच वर्षं काम करून शेवटच्या महिन्यात जिथं जायचं आणि जिथून घाबरत बाहेर पडायचं, अशी ती जागा. पोलीस ठाण्यात चारित्र्याचा दाखला काढायला जातो ना आपण, तसं.

गंमत म्हणजे त्याच २०१८ च्या नियमांत, प्रत्येक संस्थेने आपल्या संकेतस्थळावर स्वतःची रिपॉझिटरी उभारावी आणि तिच्यात प्रबंध, लेख, संस्थेची प्रकाशनं ठेवावीत, असंही कलम आहे. टक्केवारीचं कलम सगळ्यांना पाठ आहे. हे दुसरं कलम किती जणांनी वाचलं असेल? 'नॅक'च्या अर्जातही ग्रंथालयाच्या भागात 'शोधगंगा मेंबरशिप' असा एक रकाना असायचा. जी गोष्ट वाचायला सगळ्या जगाला मोफत आहे तिचं सदस्यत्व महाविद्यालयांनी टिक करायचं आणि गुण घ्यायचे.

सक्तीशिवाय हे नातं कसं जुळतं, याचं मला आवडणारं उदाहरण अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाचं आहे. रिपॉझिटरी तयार होती, पण प्राध्यापक तिच्यात काही टाकत नव्हते. तेव्हा ग्रंथालयाने परिपत्रक न काढता एक मानववंशशास्त्रज्ञ कामाला लावली आणि प्राध्यापक आपल्या खोलीत बसून कामं कशी करतात ते पाहिलं. त्याचा अहवाल २००५ मध्ये आला. 'इन्स्टिट्यूशनल रिपॉझिटरी' या शब्दांशी प्राध्यापकांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांना स्वतःचं काम हरवायला नको होतं, मसुद्यांचा गोंधळ नको होता, दुसऱ्या कॉम्प्युटरवरूनही फाइल मिळायला हवी होती आणि या सगळ्यासाठी जास्तीचं काम नको होतं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय बनवलेली गोष्ट वापरली जात नाही. हार्वर्डमध्ये तर फेब्रुवारी २००८ मध्ये कला-विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांनीच मतदान करून आपले लेख खुले ठेवायचं ठरवलं. नेब्रास्का-लिंकन विद्यापीठात ग्रंथालयाने आणखी सोपं केलं: तुम्ही फक्त लेखांची यादी द्या, परवानग्या बघणं आणि फाइली चढवणं आम्ही करतो.

हार्वर्डकडे पैसा आहे, आपल्याकडे नाही, हे उत्तर मला माहीत आहे. म्हणून पुण्याकडे बघू. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली सुरू झाली, तीही साताऱ्याच्या रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून. तिच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने डीस्पेसवरच आपली जुनी, दुर्मिळ पुस्तकं आणि संस्थेची प्रकाशनं स्कॅन करून खुली केली. याच संस्थेतून धनंजयराव गाडगीळांनी सहकाऱ्यासह वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची पाहणी १९४० मध्ये प्रसिद्ध केली होती. एका तालुक्याची शेती, घरोघर जाऊन, आकड्यांसकट. तसं काम झालं, छापलं गेलं आणि संस्थेच्या ग्रंथालयाने ते आपलं मानलं. प्रश्नावली घेऊन फिरणारा विभाग आणि कपाटं सांभाळणारं ग्रंथालय एकाच घरातले होते, हे इथं महत्त्वाचं.

त्याच वाईतलं दुसरं उदाहरण मराठी विश्वकोशाचं. तो रिपॉझिटरी नाही, पण तिथं काही गोष्टी सरळ झाल्या. खंड युनिकोडमध्ये आले, म्हणून आज फोनवर एखादा शब्द टाकला की नोंद समोर येते. पुढे ज्ञानमंडळांच्या रूपाने वेगवेगळ्या विद्यापीठांना आणि संस्थांना एकेक विषय वाटून दिला गेला. भागीदारी म्हणजे काय, ते इथं दिसतं. कुणाकडे काय आहे आणि कुणी काय करायचं, हे काम सुरू व्हायच्या आधी ठरतं.

आता आमच्याकडे या. कवठे महांकाळ हा दुष्काळी तालुका. म्हैसाळला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्याने मिरज, कवठे महांकाळ, तासगाव, जत या बाजूला आणायची योजना आहे. ती पूर्ण व्हायला दशकं गेली आणि पाणी आल्यावर वीजबिलाचा प्रश्न आला. आमच्या घरी दर उन्हाळ्यात एकच विषय असतो: आवर्तन कधी सुटणार. बागेचं गणित, बेदाण्याचा भाव, टँकर घ्यायचा की नाही, सगळं त्या एका तारखेवर. या पाण्यावर, द्राक्षशेतीवर, जिल्ह्याच्या दुष्काळावर शिवाजी विद्यापीठात भूगोलात आणि अर्थशास्त्रात प्रबंध झालेले आहेत. त्यातली कोष्टकं आमच्याच माणसांनी दिलेल्या उत्तरांतून बनलेली आहेत. ज्या गावात पाहणी झाली, त्या गावात तिचे निष्कर्ष परत गेल्याचं मी कधी ऐकलं नाही. शोधगंगेवर ते 'उपलब्ध' आहेत हे खरं. गावच्या पाणी वापर संस्थेच्या अध्यक्षांनी ते कुठल्या स्पेलिंगने शोधायचे?

गेल ऑम्व्हेट आमच्याच जिल्ह्यात, कासेगावला, कितीतरी वर्षं राहून लिहीत होत्या. त्यांचे अनेक लेख 'ईपीडब्ल्यू'त आले आणि त्या नियतकालिकाचे जुने अंक वाचायला वर्गणी लागते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिकं. विद्यार्थ्यांना फायदा आहेच. पण हे कुलूप काढणं नव्हे, ही किल्ली सरकारी शिक्षणसंस्थांना घाऊक वाटली, इतकंच. जो शेतकरी कुठल्याच कॅम्पसवर नाही, त्याच्यासाठी दार आहे तिथंच बंद आहे. सहा हजार कोटींसमोर शोधगंगेसारख्या खऱ्या अर्थाने खुल्या जागेची डागडुजी किरकोळ ठरावी.

मी ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलो (नाव राहू दे), तिथंही 'डिजिटल लायब्ररी' होती. पत्ता कॅम्पसच्या वायफायवरच उघडायचा. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट अहवाल काळ्या बांधणीत, सोनेरी अक्षरांत कपाटात उभे असायचे आणि काही वर्षांनी जागा हवी म्हणून रद्दीत जायचे. तेच आता मोठ्या प्रमाणावर होणार आहे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि पदवीच्या मुलांना फील्ड प्रोजेक्टला, समाजसंपर्काच्या कामाला क्रेडिट मिळू लागलं. म्हणजे दर वर्षी तालुक्या-तालुक्यात मुलं वही घेऊन फिरणार. विहिरींची पातळी, बेदाण्याची शेड, अग्रणी नदीच्या काठची पिकं, स्थलांतर. बरंचसं काम कच्चं असेल, काही तर घरी बसून भरलेलं असेल. तरी पाच-दहा वर्षांची अशी सलग नोंद कुठल्याही सरकारी खात्याकडे नसते.

तालुक्याच्या महाविद्यालयातल्या ग्रंथालयाने प्रबंध संपायची वाट न बघता इथं शिरावं, असं मला वाटतं. जूनमध्ये, विषय ठरतात तेव्हा. मागच्या वर्षीच्या मुलांनी कुठली गावं केली ते भूगोलाच्या सरांना दाखवावं. अहवाल युनिकोडमध्ये घ्यावा, एकाच फाइलमध्ये, वर दहा ओळींचा मराठी सारांश आणि गावाचं नाव ठरलेल्या पद्धतीने. शेतकऱ्यांची नावं आणि कर्जाचे आकडे काढून टाकावेत. खुलं करणं म्हणजे कुणाचं घर उघड्यावर मांडणं नव्हे, आणि ही काळजी घ्यायला ग्रंथपालाइतका योग्य माणूस नाही. मग ते विद्यापीठाच्या रिपॉझिटरीशी जोडावं. एका रिपॉझिटरीतल्या नोंदी दुसरीने आपोआप उचलायची सोय डीस्पेसमध्ये पहिल्यापासून आहे.

यातली खरी अडचण सॉफ्टवेअरची नाही. अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाचं पद वर्षानुवर्षं रिकामं आहे आणि लिपिकच पुस्तकं देतो-घेतो. तो माणूस जूनमध्ये विभागांच्या बैठकीला जाणार कसा आणि गेला तर त्याला खुर्ची कोण देणार? रिपॉझिटरीवरच्या चर्चासत्रांत हा प्रश्न क्वचितच निघतो, कारण तिथं सर्व्हरबद्दल बोलणं सोपं असतं.

दरम्यान स्पेलिंगांची यादी मी करायला घेतली आहे. आमच्या तालुक्यातल्या गावांची नावं, प्रत्येकाची देवनागरी आणि रोमन रूपं, एका साध्या फाइलमध्ये. रांजणी, देशिंग, ढालगाव, नागज इथपर्यंत आलो आहे. नागजला फारसं काही निघालं नाही. ढालगावला मात्र चार निघाली.