दोन महिरपी कंसांची फाइल

रसग्रहण कवितेचं करावं, फार तर एखाद्या बंदिशीचं. संगणकावरच्या फोल्डरचं रसग्रहण करायला बसणं आगाऊपणाचं वाटेल. पण हा फोल्डर खरोखर वाचण्याजोगा आहे. ‘बोकेह’ ही पायथॉनमधली आलेख काढणारी लायब्ररी. तिच्यात नसलेलं काही स्वतः घडवून इतरांच्या हाती द्यायचं असेल, तर ‘बोकेह इनिट’ असा हुकूम द्यायचा. लगेच एक सांगाडा उभा राहतो: पॅकेज.जेसन, टीएसकॉन्फिग.जेसन, इंडेक्स.टीएस आणि बोकेह.एक्स्ट.जेसन. यांतली शेवटची फाइल उघडली की आत एक उघडणारा महिरपी कंस, एक मिटणारा महिरपी कंस. मध्ये काही नाही.

माझ्या मते या सबंध रचनेतली सर्वांत बोलकी ओळ हीच. आलेखाचं पान तयार करताना बोकेह त्यात वापरलेल्या प्रत्येक मॉडेलचं, म्हणजे आलेखातल्या घटकाचं, मूळ पॅकेज शोधते, आणि त्या पॅकेजच्या मुख्य फोल्डरात या नावाची फाइल आहे का, एवढंच पाहते. असली, तर शेजारच्या ‘डिस्ट’ फोल्डरातली आधीच कंपाइल करून ठेवलेली जावास्क्रिप्ट उचलून पानाला जोडते. नसली, तर पुढे जाते. फाइलीत काय लिहिलंय, याची त्या घडीला चौकशीही होत नाही. कुठे नोंदणी नाही, मध्यवर्ती यादी नाही, कुणाची परवानगी नाही. फाइल असणं हाच तिचा मजकूर. इतक्या कमी बोलण्यात इतकं काम करून घेणारी जागा मला भल्याभल्या सॉफ्टवेअरमध्ये क्वचितच दिसली आहे.

हे आवडण्याचं कारण कळायला बोकेहचा स्वभाव माहीत हवा. तिचा कारभार दोन भाषांत चालतो. पायथॉनमध्ये आपण आलेखाचं वर्णन करतो. प्रत्यक्ष चित्र ब्राउझरात ‘बोकेहजेएस’ काढते, आणि ती टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलेली आहे. दोघींमध्ये जेसनच्या रूपात निरोप जातात. त्यामुळे नवा घटक, समजा एखादा त्रिमितीय पृष्ठभाग किंवा वेगळ्या धाटणीचा स्लायडर, दोन्हीकडे जन्माला यावा लागतो. सोपा मार्ग असा, की पायथॉनच्या क्लासमध्येच टाइपस्क्रिप्टचा मजकूर किंवा त्या फाइलीचं नाव लिहून ठेवायचं. प्रोग्रॅम चालेल तेव्हा बोकेह तो कंपाइल करून घेते. घरच्या घरी प्रयोग करायला हा मार्ग फार गोड आहे, आणि तो अजूनही चालतो. पण कंपाइल करायला नोड.जेएस लागतं, आणि तेही चालवणाऱ्याच्या संगणकावर. ज्याने नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ केलं आहे, ज्याला आकडेवारी कळते पण नोड म्हणजे काय हे कळण्याची गरज नाही, ज्याच्या ऑफिसातला आयटी विभाग असं काही बसवूही देणार नाही, त्याने काय करायचं? थालीपीठ खाऊ घालायचं म्हणून पाहुण्याच्या घरी धान्य आणि जातं पाठवण्यासारखं झालं हे. पाठवायची ती भाजणी.

‘बोकेह बिल्ड’ हा हुकूम ती भाजणी करतो. लागणारी एनपीएम पॅकेजं आणतो, टाइपस्क्रिप्ट कंपाइल करतो, मॉड्यूलांचे धागे जुळवतो आणि तयार बंडल ‘डिस्ट’मध्ये ठेवतो. कष्ट एकदाच, तेही लेखकाने. या बंडलात काय आहे यापेक्षा काय नाही, ते पाहण्यासारखं आहे: त्यात बोकेहजेएस नाही. जे मूळ लायब्ररीत आहे ते पुन्हा बांधून न्यायचं नाही, फक्त आपली भर न्यायची, असा शिरस्ता. ब्राउझरात पोचल्यावर हे बंडल आधी बोकेह हजर आहे का ते बघतं, असल्यास स्वतःला प्लगइन म्हणून तिच्या स्वाधीन करतं. नसल्यास सरळ सांगतं की बोकेह सापडत नाही, प्लगइनांच्या आधी ती लोड करा. चूक झाल्यावर उपायही सांगणारा संदेश! एरवी प्रोग्रॅमरांच्या नशिबी असं सौजन्य कमीच.

वितरणाची बाजूही तितकीच काटकसरीची. सर्व्हर चालू असेल तर ‘डिस्ट’मधली फाइल तोच पुरवतो. स्वयंपूर्ण एचटीएमएल हवं असेल तर ती पानात जशीच्या तशी ओतली जाते. आणि सीडीएनचा मार्ग निवडला, तर पॅकेज.जेसनमधलं नाव आणि आवृत्ती घेऊन ‘अनपॅकेज’ या सीडीएनचा पत्ता आपोआप बनतो. लेखकाला तो कुठे लिहावा लागत नाही. या सफाईत एक खाच आहे. पत्ता तयार झाला म्हणून त्या पत्त्यावर कुणी राहतंच असं नाही. पायथॉनचं पॅकेज पायपीआयवर चढवलं आणि एनपीएमवर चढवायचं राहिलं, की लेखकाकडे सर्व्हरवर सगळं सुरळीत, आणि दुसऱ्याला पाठवलेल्या एचटीएमएलमध्ये आलेखाची जागा कोरी.

होलोव्हिज समूहातली ‘पॅनेल’ ही लायब्ररी या पद्धतीचा भरभक्कम नमुना. टॅब्युलेटरचे तक्ते, व्हेगाचे आलेख, एस हा कोड-संपादक असे कितीतरी परके घटक तिने याच वाटेने बोकेहच्या घरात आणले. एनपीएमवर तिचं बंडल ‘होलोव्हिज/पॅनेल’ या नावाने आहे. तिचा कोड वाचताना या रचनेचं दुखणंही उघडं पडतं. प्रत्येक गुणधर्म दोनदा लिहावा लागतो, एकदा पायथॉनमध्ये, एकदा टाइपस्क्रिप्टमध्ये. पायथॉनच्या मॉड्यूलचं नाव टाइपस्क्रिप्टच्या क्लासमध्ये हाताने लिहायचं, आणि ते अक्षरशः जुळलं पाहिजे. एक अक्षर चुकलं तरी बंडल बिनबोभाट तयार होतं. बिंग फुटतं ते ब्राउझरात, ‘हा प्रकार ओळखता आला नाही, मॉडेल नोंदवलं नसावं’ अशा अर्थाच्या तक्रारीने. इतक्या मितभाषी रचनेत ही द्विरुक्ती खटकते. एका बाजूच्या व्याख्येवरून दुसरी बनवायला हवी होती, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

दुसरी मर्यादा मात्र मी दोष मानत नाही. बोकेहजेएस सोबत न नेण्याची किंमत अशी, की बंडल ज्या आवृत्तीसमोर बांधलं तिच्याशीच त्याचं नातं राहतं. 2022 मध्ये आलेल्या बोकेह 3.0 ने मांडणीचं काम सीएसएसवर सोपवलं आणि घटक शॅडो डॉममध्ये नेले. जुनी बंडलं तिथे तशीच चालणं शक्य नव्हतं. पॅनेलने ते स्थित्यंतर 2023 मध्ये आपल्या 1.0 आवृत्तीत पार पाडलं. पुढे पॅनेल 1.4 ने तर बोकेह 3.4 हवी, 3.5 नको, असं बजावून ठेवलं. हे जाचक वाटेल, पण प्रामाणिक आहे: जे तपासलं नाही त्याची हमी दिली नाही.

तुम्ही स्वतःचं एक्स्टेन्शन बांधणार असाल तर एक विनंती. ‘डिस्ट’ फोल्डर बहुतेकदा गिटच्या दुर्लक्ष-यादीत असतो, आणि पायथॉन सोडून इतर फाइली पॅकेजमध्ये घ्यायला बांधणीच्या साधनाला वेगळं सांगावं लागतं. पायथॉन पॅकेज ज्या रूपात वाटलं जातं ती व्हील शेवटी एक झिप फाइल आहे. ती पायपीआयवर चढवण्याआधी उघडा. ‘डिस्ट’ आत आहे का बघा, आणि ती दोन कंसांची फाइलही.